चुंबकीय शीतन : प्रश्न धातूचा



घरातील फ्रिजच्या मागील बाजूस हात लावल्यास तो भाग गरम लागतो. आतील उष्णता तेथे बाहेर पडत असते आणि ते काम दाबला जाणारा व पुन्हा प्रसरण पावणारा वायू करतो. एखाद्या घन पदार्थाकडून हेच काम करवून घेता येईल काय, हा आजचा विषय आहे.

गॅडोलिनियम हा धातू चुंबकीय क्षेत्रात नेला की किंचित तापतो. क्षेत्रात त्याच्या अणूंची चुंबकीय आघूर्णे एका दिशेस वळतात व त्यांची एन्ट्रॉपी घटते. एकूण एन्ट्रॉपी कायम राहावयाची असल्याने अणूंची कंपने वाढतात. ही उष्णता पाण्याने काढून घेऊन क्षेत्र दूर केले, की धातू मूळ तापमानाच्याही खाली जातो. यालाच चुंबक-औष्णिक परिणाम म्हणतात. चक्र अखंड चालविल्यास एका टोकाला शीतन आणि दुसऱ्या टोकाला पाणी तापविण्याइतकी उष्णता मिळू शकते.

तत्त्व जुनेच आहे. विल्यम जिऑक यांनी १९३३ मध्ये या मार्गाने ०.२५ केल्विन इतके नीच तापमान गाठले. त्यांना १९४९ चे नोबेल मिळाले ते रसायनशास्त्राचे. परीक्षेत येथे गफलत होऊ देऊ नये. कक्ष तापमानाजवळ हे घडते, हे जी. व्ही. ब्राऊन यांनी १९७६ मध्ये गॅडोलिनियम वापरूनच दाखविले. या धातूचे क्युरी तापमान सुमारे २० अंश सेल्सिअस आहे.

मग बाजारात अशी यंत्रे सर्रास का दिसत नाहीत? एक टेस्ला क्षेत्रात गॅडोलिनियमचे तापमान जेमतेम तीन अंशांनी बदलते. त्यामुळे द्रव पुढे-मागे खेळवून हा फरक टप्प्याटप्प्याने वाढवावा लागतो आणि प्रबळ, महाग स्थायी चुंबक लागतात.

भारतासाठी हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेचा नाही. किगाली दुरुस्तीनुसार आपल्याला हायड्रोफ्लुरोकार्बन वायूंचा वापर २०४७ पर्यंत ८५ टक्क्यांनी घटवावयाचा आहे. उलट २०१९ च्या भारत शीतन कृती आराखड्यानुसार २०१७-१८ ते २०३७-३८ या काळात देशाची शीतनाची गरज सुमारे आठपट होणार आहे.

माझ्या मते आपण गॅडोलिनियमच्या मागे धावू नये. केरळ, तमिळनाडू व ओडिशाच्या किनाऱ्यांवरील मोनाझाइटमध्ये जड दुर्मिळ मृदा मूलद्रव्ये अत्यल्प आहेत आणि चीनने एप्रिल २०२५ मध्ये गॅडोलिनियमची निर्यात परवान्याखाली आणली. त्याच वाळूत लँथॅनम मात्र विपुल आहे. लँथॅनम, लोह व सिलिकॉन यांच्या मिश्रधातूत हा परिणाम तीव्र असतो. त्यात हायड्रोजन मुरवून क्युरी तापमान कक्ष तापमानापर्यंत आणता येते. अडचण एवढीच, की हा पदार्थ ठिसूळ आहे, वारंवारच्या चक्रांनी त्याला तडे जातात आणि पाण्यात तो गंजतो. धातुविज्ञानाच्या विद्यार्थ्यांना काम आहे ते येथे.