सार्वजनिक तलावाचे दार



जी मालमत्ता सर्वांच्या पैशातून उभी राहते आणि सर्वांना खुली असते ती सार्वजनिक, अशी व्याख्या केली जाते. परंतु तिचा खरा निर्णय दारावर होतो. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्यातल्या मॉरी या लहान गावाच्या जलतरण तलावाचा इतिहास याची साक्ष देतो.

१८९५ साली शेतीसाठी तेथे खोल विंधण घेतले गेले आणि सुमारे ४१ अंश सेल्सिअस तापमानाचे पाणी उसळून वर आले. त्या पाण्यावर स्नानगृहे व तलाव झाले. गावाचा लौकिक वाढला. भूमी मात्र मुळात गमिलराय या आदिवासींची. १९५५ मध्ये नगरपालिकेने रीतसर ठराव करून आदिवासी रक्ताच्या कोणालाही तलावावर येण्यास मनाई केली. आदिवासी मुलांना शाळेच्या वेळेत तेवढे पोहता येई. शाळा सुटली की त्यांचे नागरिकत्वही सुटत असे!

फेब्रुवारी १९६५ मध्ये सिडनी विद्यापीठाचे सुमारे तीस विद्यार्थी बसने या भागात आले. नेतृत्व चार्ल्स पर्किन्स या आदिवासी विद्यार्थ्याचे, प्रेरणा अमेरिकेतील १९६१ च्या स्वातंत्र्ययात्रांची. त्यांनी आदिवासी मुलांना तलावावर नेले, प्रवेश मिळाला. बस पुढे गेली आणि बंदी परत आली. हे कळताच विद्यार्थीही परतले. २० फेब्रुवारीस ते तासन्‌तास दारावर उभे राहिले. जमावाने अंडी व टोमॅटो फेकले. अखेर नगराध्यक्षांना ठराव रद्द करण्याची तयारी दाखवावी लागली. २०१३ साली हा तलाव ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय वारसा यादीत गेला.

महाराष्ट्राला ही कथा परकी नाही. सी. के. बोले यांचा ठराव १९२३ साली मुंबई विधिमंडळाने संमत केला. त्यानुसार महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे अस्पृश्यांना खुले केले. पण ते कागदावरच. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर व त्यांचे अनुयायी पाणी प्याले, तेव्हा त्या कागदात प्राण आला. लगेच ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला! उच्च न्यायालयाचा अनुकूल निकाल येण्यास १९३७ साल उजाडले.

मॉरीत ठराव अन्यायाचा होता, महाडात न्यायाचा. परंतु दोन्हीकडे अनुभव एकच: न्याय्य ठराव चालणाऱ्या पावलांवाचून निर्जीव राहतो, आणि अन्याय्य ठराव कोणी आडवे येईपर्यंत सुखाने नांदतो. एकदा मिळालेला प्रवेश टिकेलच असेही नाही. म्हणून बस परत फिरवावी लागते.

कार्यकर्त्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. करदात्यांच्या पैशाने बांधलेला तलाव ठेकेदाराकडे गेला आणि महिन्याचे शुल्क मजुराच्या कित्येक दिवसांच्या कमाईइतके झाले, तर बंदीचा ठराव करावाच लागत नाही; शुल्काचा फलकच ते काम करतो. म्हणून नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात तलावावर किती खर्च झाला एवढेच पाहून थांबू नये. एखाद्या दुपारी त्या तलावाच्या दाराशी उभे राहावे, आणि आत कोण जातो व कोण कुंपणाबाहेरून पाहत राहतो, हे मोजावे.