मळीतले धन आणि ढिगावरचा माणूस

(जुन्नर-आंबेगाव परिसरातील कार्यकर्त्यांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



जुन्नरच्या लेण्यांतील एका शिलालेखात कांस्यकारांच्या श्रेणीकडे धर्मादायाची ठेव ठेवल्याची नोंद आहे. सुमारे अठराशे वर्षांपूर्वी येथील काशाचे कारागीर संघटित होते आणि त्यांच्या संघटनेला समाजात पत होती. सह्याद्रीच्या काळ्या कातळात ना तांब्याची खाण, ना कथिलाची. दुरून आणलेल्या धातूचा कणही वाया घालवणे त्या कारागिरांना परवडणारे नव्हते.

आज याच दोन तालुक्यांतील तरुण भोसरी-चाकणच्या कारखान्यांत कामाला जातात. तेथील फौंड्रीत वितळलेल्या लोखंडावरची मळी काढून टाकतात, तेव्हा तिच्याबरोबर लोखंडाचे थेंबही जातात. ही मळी फोडून, दळून चुंबकाखालून नेली की ते लोखंड परत हाती येते. मँगनीजची गोष्ट याहून लक्षणीय आहे. फेरोमँगनीजच्या मळीत मँगनीज ऑक्साइडच्या रूपाने उरते. तेथे चुंबक चालत नाही. मात्र कोक आणि गारगोटी घालून तीच मळी पुन्हा विजेच्या भट्टीत तापवली, तर सिलिकोमँगनीज मिळते. महाराष्ट्रात या मिश्रधातूंचे मोठे केंद्र म्हणजे चंद्रपूर. तेथील महाराष्ट्र इलेक्ट्रोस्मेल्ट हा कारखाना २०११ साली स्टील अथॉरिटीत विलीन झाला.

म्हणजे तंत्र उपलब्ध आहे आणि ते स्वागतार्हही आहे. जितका धातू मळीतून निघेल, तितकी खाण कमी खोदावी लागेल. प्रश्न आहे तो ढिगावर राबणाऱ्या माणसाचा. मळी फोडण्याचे काम पुष्कळदा ठेक्याने दिले जाते. मळीतून निघालेल्या धातूची किंमत हिशेबात येते. ती फोडणाऱ्याचे नाव मात्र हजेरीपटावर येत नाही. सिलिकायुक्त धुळीने फुप्फुसे निकामी होतात, मँगनीजची धूळ मज्जासंस्थेवर आघात करते. पाण्याचा फवारा आणि धूळ ओढून घेणारी यंत्रे यांनी हे पुष्कळ अंशी टाळता येते. परंतु त्यासाठी खर्च करावा लागतो.

ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती मूळ मालकाने द्यावी, हे तत्त्व १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने मान्य केले. ते कागदावरून ढिगापर्यंत नेणे हे कार्यकर्त्यांचे काम आहे. गावचा तरुण सुट्टीला घरी येईल, तेव्हा त्याला तीन गोष्टी विचाराव्यात: हजेरी कोणाच्या वहीत लागते, वैद्यकीय तपासणी शेवटची केव्हा झाली, आणि शेजारी काम करणाऱ्यांची नावे त्याला माहीत आहेत काय? संघटनेचा आरंभ या तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरापासूनच होईल.