पावसाळी परसातले फायबरचे हरितगृह



हरितगृह ही मुळात थंड मुलखातील वस्तू. प्लिनीने नमूद करून ठेवले आहे की, रोमचा सम्राट टायबेरियस याला काकडी नित्य ताटात लागे, आणि ऐन हिवाळ्यातही तिचा पुरवठा अखंड राहावा म्हणून त्याचे माळी तिच्या वाफ्यांवर पारदर्शक खनिजाची झाकणे घालीत. पुढे १८५१ साली लंडनच्या हाइड पार्कात जो प्रचंड स्फटिकप्रासाद उभा राहिला, त्याचा रचनाकार जोसेफ पॅक्स्टन हाही पेशाने माळीच होता. या सर्व खटाटोपाचा हेतू एकच : सूर्याची दुर्मिळ ऊब कोंडून ठेवणे. आता रायगड जिल्ह्यातील कर्जत आणि खालापूर या आपल्या दोन तालुक्यांत, जिथे वैशाखात पारा चाळीस अंशांपलीकडे जातो आणि दुपारी कावळाही सावली सोडीत नाही, तिथे ऊब कोंडण्याची तजवीज करणाऱ्यास शहाणा कोण म्हणेल?

तरीही इकडच्या परसात हरितगृहाला स्थान आहे, आणि ते पावसामुळे. सह्याद्रीच्या पायथ्याशी वर्षाला ३००० मिलिमीटरांहून अधिक कोसळणारा, वर माथेरानला याहूनही अनावर होणारा हा पाऊस भाताला जीवनदायी आहे. कर्जतला १९१९ सालापासून भाताचे संशोधन चालते ते काही उगाच नव्हे. परंतु जो पाऊस आवणाला पोसतो, तोच कोथिंबीर झोडपून चिखलात निजवतो, टोमॅटोचा मोहर गाळतो आणि मिरचीची कोवळी रोपे मुळाशी कुजवतो. म्हणून श्रावणात परसातली पालेभाजी हवी असेल, तर तिच्या डोक्यावर उजेड अडवणार नाही असे छत्र धरावे लागते. हरितगृहाचा इकडचा अर्थ एवढाच, आणि दुरुस्तीचा सारा विचार या अर्थावरून ठरतो.

मुंबईकरांनी नेरळपासून चौकपर्यंत ज्या जमिनी घेऊन बागा केल्या, त्यांपैकी काहींच्या मागील दारी जुन्या फायबरच्या पन्हळी पत्र्यांचे एखादे हरितगृह आजही उभे असते : पत्रे पिवळटलेले, आत कोळ्यांचे राज्य, आणि मालकाच्या मनात ते भंगारात काढावे की ठेवावे याचा खल. माझे मत असे की, सांगाडा शाबूत असेल तर घाई करू नये. हा पत्रा म्हणजे पॉलिएस्टर रेझिनमध्ये बसवलेले काचेचे तंतू. त्यातून येणारा प्रकाश विखुरलेला असतो, त्यामुळे खालच्या पानांनाही तो मिळतो. आणि प्लॅस्टिकच्या कागदासारखा तो वादळात फाटून फडफडत नाही. त्याचा शत्रू ऊन. अतिनील किरणांनी वरचे रेझिन झिजले की तंतू उघडे पडतात, त्यांत धूळ अडकते, धुळीवर शेवाळ बसते, आणि आषाढातला आधीच कृपण असलेला उजेड आणखी निम्म्यावर येतो. पत्रा किती खालावला हे पाहायचे असेल, तर दोन पत्रे जिथे एकावर एक चढले आहेत तिथला खालचा भाग पाहावा. उन्हापासून बराच काळ झाकलेल्या त्या पट्टीत मूळची कांती पुष्कळशी टिकलेली असते.

कामाचा मोसम महाशिवरात्र ते गुढीपाडवा. दव सरलेले असते आणि कडक उन्हाळा यायचा असतो. प्रथम साबणाच्या पाण्याने मऊ ब्रशने पत्रे धुवावेत. तारेचा ब्रश चुकूनही लावू नये. मग बारीक पॉलिशपेपर पाण्यात भिजवून, हलक्या हाताने, सुटे तंतू घासून काढावेत. हे कोरडे घासले तर काचेची धूळ अंगाला खाजवते आणि छातीत जाते, म्हणून ओले घासणे, तोंडाला मास्क आणि पूर्ण बाह्यांचा सदरा यांत हयगय नको. पत्रा पूर्ण वाळल्यावर अतिनील किरणांना तोंड देणाऱ्या पारदर्शक रेझिनचा थर द्यावा. दुकानातून पॉलिएस्टर रेझिन आणल्यास शेवटच्या थरासाठी मेणमिश्रित मागावे, नाहीतर हवेच्या संसर्गाने पृष्ठभाग चिकट राहतो आणि फाल्गुनातली सगळी धूळ तिथे मुक्कामाला येते. हार्डनर आणि कोबाल्टचा प्रवेगक हे दोन्ही वापरायचे असतील, तर एक रेझिनमध्ये पूर्ण ढवळून झाल्यावरच दुसरे घालावे. ते दोघे थेट एकत्र आले तर भडका उडतो. काम सकाळी करावे, कारण दुपारच्या तापलेल्या पत्र्यावर रेझिन ब्रशातच घट्ट होते.

इथे एक तक्रार नोंदवतो. बाग आहे म्हणून हिरवा पत्रा बसवण्याची हौस फार बोकाळली आहे. वनस्पतीला प्रामुख्याने तांबडा आणि निळा प्रकाश लागतो. हिरवा पत्रा नेमका तोच अडवतो आणि ज्याचा तिला सर्वांत कमी उपयोग, तो मात्र आत सोडतो. मालकाच्या डोळ्यांचे समाधान होते, मिरची उपाशी राहते. बदली पत्रा घेणे भागच पडले, तर दुधी अथवा पारदर्शक घ्यावा.

आता बांधणी. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने रायगड जिल्ह्यात किती छपरे उडवली हे आपण पाहिले आहे. पत्र्याचे भोक नेहमी पन्हळीच्या माथ्यावर असावे, खोलगटीत नव्हे, कारण खोलगटीतून पाणी वाहते. हूकाखाली रबरी अथवा डांबरी वायसर हवा, आणि तो आवळताना पत्रा चेपेल इतका जोर करू नये. पाऊसवारा नैर्ऋत्येचा, म्हणून पत्रे विरुद्ध बाजूकडून चढवत आणावेत. म्हणजे जोडाचे तोंड वाऱ्याला पाठमोरे राहते. लोखंडी खांब गंजतात ते बहुधा जमिनीच्या रेषेवर. तिथली माती उकरून पाहिल्याशिवाय वरच्या रंगावर विश्वास ठेवू नये.

भिंतींच्या बाबतीत मी निर्दय आहे. खालचे तीन-चार फूट पत्रे काढून तिथे कीटकरोधक जाळी लावावी आणि छपराच्या माथ्याशी गरम हवेला वाट ठेवावी. बंद हरितगृहात आषाढातली दमट हवा साचली की बुरशी माजते, आणि पावसापासून वाचवलेले पीक घामाने मरते. चैत्र-वैशाखात वरून शेडनेट ओढावी. काचेच्या छपरांना चुना फासण्याची जी चाल आहे ती इथे आणू नये, कारण चुन्याचा क्षार उघड्या काचतंतूंना खातो.

पन्हळ मात्र अवश्य बसवावी. वीस फूट लांब आणि बारा फूट रुंद छपरावर एका मोसमात साठ हजार लिटरांहून अधिक पाणी पडते. घाटमाथ्यावरच्या अशाच पावसाच्या भरवशावर खोपोलीचे वीजगृह १९१५ सालापासून चालत आले; आपल्याला निदान एक टाकी भरता यावी. पन्हळ नसेल तर पागोळ्यांनी पायाची माती खचते आणि खांब कलतात.

इतके करूनही जो पत्रा बोटाने दाबताच चुरचुरतो, त्याच्यावर रेझिन खर्चू नये. तो जाळूही नये, कारण त्याचा धूर विषारी असतो. खतखड्ड्यावर झाकण म्हणून तो आणखी काही पावसाळे काढील.