दान आलं, त्यापुढे काय?

(विहाराच्या वर्धापन दिनी केलेले भाषण)



आम्ही काही विद्वान वक्ते नाही. सूतगिरणीत रिंग फ्रेमवर उभं राहून आमची तीस वर्षं गेली. शाळा सातवीलाच सुटली. पुढचं जे काही वाचन झालं ते याच विहाराच्या कपाटातल्या पुस्तकांवर. तेव्हा बोलण्यात चूकभूल झाली तर पदरात घ्यावी.

आज विषय घेतला आहे तो जरा नाजूक आहे. कठीण चीवरदान होऊन महिना झाला. कार्यक्रम छान झाला, फोटो निघाले, खीरदान झालं. पण त्या दिवशी जे दान आलं त्याचं पुढे काय झालं? हा प्रश्न आपण कधी विचारत नाही. आम्ही स्वतः कमिटीत असून इतकी वर्षं विचारला नाही.

नव्या पिढीसाठी थोडं सांगतो. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत भिक्खूंचा वर्षावास. या तीन महिन्यांत आपण संध्याकाळी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचतो. वर्षावास संपला की कार्तिक पौर्णिमेपर्यंतच्या महिन्यात कठीण. एका विहारात वर्षातून एकदाच. याचं मूळ विनयपिटकात आहे. तीस भिक्खू भगवंतांच्या दर्शनाला श्रावस्तीला निघाले होते. वाटेत साकेतला वर्षावास लागला म्हणून तिथेच थांबले. तो संपताच पावसाची पर्वा न करता चिखल तुडवत निघाले आणि भिजलेल्या चीवरांनी पोहोचले. त्यांना पाहून भगवंतांनी कठीणाची अनुज्ञा दिली. म्हणजे या दानाची सुरुवातच ओल्या कपड्यांपासून झालेली आहे. ज्याला गरज त्याला कापड, हे त्यातलं मर्म. कठीणाचं कापड कुणा एका भिक्खूला द्यायचं नसतं, ते संघाला द्यायचं असतं. मग संघ ठरवतो, कुणाचं चीवर जीर्ण झालं आहे ते.

आपल्याकडे हाच महिना बोनसचा. हातात चार पैसे असतात, म्हणून दानही सढळ होतं. चीवरं, छत्र्या, चादरी, साबण, टॉवेल, वह्या. गेल्या वर्षी तर एका दात्याने पंखा दिला आणि पात्यावर नाव टाकायला सांगितलं. आम्ही टाकलं. आता पंखा बंद असला तरच नाव वाचता येतं! असो, त्या दात्याबद्दल आमची तक्रार नाही. वारा सगळ्यांनाच लागतो.

तक्रार आहे ती आमच्याबद्दल. त्याच कार्यक्रमात आपल्या वस्तीतल्या एका मावशींनी एक चादर आणून दिली होती. चार घरची धुणीभांडी करून पोट भरणारी बाई. माईकवरून पंख्याचं नाव तीनदा पुकारलं गेलं. चादरीचं नाव पुकारणं राहिलं, आणि वहीत लिहिणंही राहिलं. पुढे ७ फेब्रुवारीच्या माता रमाई जयंतीसाठी विहाराची साफसफाई काढली, तर कपाटाच्या तळाला ती चादर सापडली. घडीच्या घडी. उंदरांनी दोन कोपरे कुरतडलेले. तेव्हा लक्षात आलं, मावशी दोन-तीन महिन्यांपासून वंदनेला दिसत नाहीत.

आम्ही दोघे-तिघे त्यांच्या घरी गेलो. चहा दिला त्यांनी. माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाल्या, "दादा, माझं नाव माईकवरून घ्या म्हून म्या दिली न्हवती. पर भन्तेजींनी ती पांघरली का न्हाई, एवढं तरी कळाया पायजे का नको?"

यावर आम्हाला उत्तर देता आलं नाही. चादर कुरतडली गेली हे सांगायचा धीर तर झालाच नाही. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा सांगितलं.

त्या रात्री आनंद थेरांची गोष्ट आठवली. चुल्लवग्गात आहे. भगवंतांच्या महापरिनिर्वाणानंतरची. कौशांबीच्या उदयन राजाच्या राण्यांनी आनंदांना पाचशे चीवरं दिली. राजाला राग आला. एवढी चीवरं घेऊन हा श्रमण दुकान मांडणार काय! त्याने जाऊन विचारलं, एवढ्यांचं काय करणार? आनंद म्हणाले, ज्यांची चीवरं जीर्ण झालीत त्यांना वाटणार. मग त्या जीर्ण चीवरांचं काय? अंथरुणावरच्या चादरी करू. जुन्या चादरींचं? गादीच्या खोळी. जुन्या खोळींचं? जमिनीवरची अंथरुणं. मग पायपुसणी, मग धूळ झटकायची फडकी. आणि त्या फडक्यांचं? ती कुटून चिखलात कालवून जमीन सारवू. राजा खूश झाला आणि त्याने आणखी पाचशे चीवरं दिली.

आम्ही गिरणीवाले, आम्हाला ही गोष्ट लगेच पटते. गिरणीत सॉफ्ट वेस्ट पुन्हा मिक्सिंगला जातं, आणि पीळ पडलेलं हार्ड वेस्ट मशिनी पुसायला. कापसाची बोटभर पेळूसुद्धा पायदळी पडलेली मुकादमाला खपत नाही. आणि इथे विहारात पूर्ण चादर उंदरांना! पण बघा, राजाने विचारलं तेव्हा आनंद थेरांना राग आला नाही. "दान दिलं, आता विचारणारे तुम्ही कोण?" असं ते म्हणाले नाहीत. एक एक पायरी सांगत गेले. हिशोब विचारला की आपल्या कमिटीत मात्र तोंडं फिरतात. आमचंही फिरायचं, कबूल करतो.

कृतज्ञतेला आपण मंगल मानतो, मंगलसुत्तात ती आहे, दर पौर्णिमेला म्हणतो. आणि आपलं आभार प्रदर्शन कधी असतं? सगळे चपला शोधत पंगतीकडे निघाले की. बाबासाहेबांनी मार्च १९५६ मध्ये 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाला प्रस्तावना लिहिली होती. तिच्यात त्यांनी माईसाहेबांचे आणि डॉ. मालवणकरांचे ऋण मानले होते, कारण त्यांनी आजारपणात आयुष्य वाढवलं म्हणून ग्रंथ पुरा झाला. १९५७ साली ग्रंथ निघाला, पण त्यात ती प्रस्तावना नव्हती. पुढे बऱ्याच वर्षांनी ती लोकांपुढे आली. माईसाहेबांबद्दल समाजात मतं वेगवेगळी आहेत, आमच्या घरातही आहेत. पण एवढ्या आजारपणात त्या माणसाने आठवणीने आभार लिहिले, आणि ते वाचकापर्यंत पोहोचलेच नाहीत, याचं वाईट वाटतं.

तर आता आम्ही काय केलं ते सांगतो. एक वही घातली. काय आलं, कुणी दिलं, कुठे गेलं, असे तीन रकाने. साबणाची वडीसुद्धा लिहायची. भन्तेंना विचारून, संघाला लागेल ते ठेवून, बाकीचं पौर्णिमेच्या आत मार्गी लावायचं. जास्तीची चीवरं श्रामणेर शिबिराला. १४ एप्रिलला हारांऐवजी वह्या येतात, त्या नेमक्या शाळा सुटताना. जूनपर्यंत त्या पत्र्याच्या पेटीत, कपाटात नाही. आणि वही दर पौर्णिमेला वाचून दाखवायची, पण जेवणाआधी! घेणाऱ्याचं नाव मात्र वाचायचं नाही. चादर घेणाऱ्या म्हाताऱ्याला माईकची शोभा नको.

यावर कुरबुर झाली. एक कार्यकर्ते म्हणाले, विहार आहे का रेशनचं दुकान? त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही, वाचायला पाऊण तास जातो. तोड अजून निघालेली नाही.

यंदाच्या कठीणाला मावशी आल्या होत्या. मागे भिंतीला टेकून बसल्या. काही दिलं नाही, आम्हीही काही म्हणालो नाही. ती कुरतडलेली चादर महिला मंडळाने कोपरे कापून शिवली, भन्तेंच्या आसनाखाली घातली आहे. मावशींना ती दाखवली.

आज वहीत शिल्लक आहे ती अशी : छत्र्या तीन, टॉवेल सात, चादरी दोन, आणि चार रेघी वह्यांचा एक गठ्ठा. आपल्या गल्लीत कुणाला गरज असेल तर रविवारी वंदनेनंतर येऊन सांगावं. वही टेबलावरच असेल, कुणीही उघडून पाहावी.

नमो बुद्धाय! जयभीम!