परवाना म्हणजे मालकी नव्हे



प्रक्षेपणाच्या लहरी ही समाजाची मर्यादित संपत्ती आहे. दूरचित्रवाणी केंद्राला ती मुदतीने वापरावयास मिळते. आमच्या अर्थशास्त्राच्या भाषेत, हा खंड पैशात नव्हे, लोकसेवेत चुकवावयाचा असतो. आणि मुदत संपली की हिशेब द्यावयाचा असतो.

अमेरिकेतील अलाबामा राज्यात शासकीय शैक्षणिक दूरचित्रवाणीची आठ केंद्रे होती. राज्यातील चतुर्थांशाहून अधिक जनता कृष्णवर्णीय. परंतु तिच्याविषयीचे, राष्ट्रीय जाळ्यावरून येणारे कार्यक्रम ही केंद्रे वारंवार गाळीत. १९७० साली संघीय दळणवळण आयोगाने नागरिकांच्या तक्रारी बाजूस सारून नूतनीकरण मंजूर केले. तक्रारदार हटले नाहीत. फेरविचार झाला, सुनावणी झाली, आणि १९७५ च्या जानेवारीत आठही केंद्रांना नूतनीकरण नाकारण्यात आले. केंद्र ‘सार्वजनिक’ आहे, एवढ्यावर माफी मिळाली नाही.

मात्र त्याच संस्थेला पुन्हा अर्ज करण्याची मुभा दिली गेली, प्रक्षेपण चालू राहिले, आणि पुढे परवाने तिलाच मिळाले. कोणी याला नाटक म्हणेल. मी म्हणणार नाही. पडदे काळे झाले असते, तर ज्यांच्यासाठी भांडण होते त्यांच्याच मुलांचे शिक्षण बुडाले असते.

त्याच वर्षी जूनमध्ये आपल्याकडे आणीबाणी आली व दूरदर्शन सरकारचा भोंगा झाले. लहरी सार्वजनिक मालमत्ता आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये सांगितले. १९९७ मध्ये प्रसार भारती आली. परंतु दूरदर्शनला मुदतीचा परवानाच नाही, मग नूतनीकरणाची सुनावणी कुठली? आपली मागणी खासगीकरणाची नसावी. ती ठरावीक मुदतीने होणाऱ्या जाहीर सुनावणीची असावी, आणि तीही जिल्ह्याच्या ठिकाणी.