कागदाची उलटतपासणी

(वर्तकनगर, ठाणे येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यान)



आजचा वर्ग रविवारी भरला आहे, यात कोणाला काही विशेष वाटले नसेल. रविवारची सुट्टी नारायण मेघाजी लोखंडे यांनी मिळवून दिली, हे वाक्य दरवर्षी 10 जूनच्या सुमारास सर्वत्र ऐकू येते. लोखंडे यांचा जन्म 1848 साली ठाण्यातला. ठाणेकर कार्यकर्त्याला ते वाक्य अधिकच प्रिय असणार. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाने प्रथम थांबायचे असते ते आवडत्या वाक्यापाशीच. प्रतिपक्षाच्या पुराव्यावर शंका घ्यायला अभ्यास लागत नाही!

सरकारी कचेऱ्या 1890 पूर्वीही रविवारी बंद असत. सुट्टी नव्हती ती गिरणीत. तेथील मागणीचा माग काढू लागले की एका माणसाच्या नावामागून हजारो माणसे पुढे येऊ लागतात. 1884 च्या सप्टेंबरात परळच्या सुपारीबागेत सभा झाली. कारखाना आयोगापुढे जो अर्ज गेला, त्यावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. रविवारची पूर्ण सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार वेळेवर आणि अपघात झाल्यास मदत, अशा त्यातील मागण्या. 24 एप्रिल 1890 रोजी महालक्ष्मीला सुमारे दहा हजार कामगार जमले आणि त्यांच्यापुढे दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. 10 जूनला गिरणीमालकांच्या संघाने सुट्टी मान्य केली. कायद्यात ती आली 1891 साली. शिवाय लँकेशायरच्या मालकांना मुंबईच्या स्वस्त मालाची धास्ती होती, आणि हिंदी गिरण्यांवर कायद्याचा लगाम असावा म्हणून तेही विलायतेत खटपट करीत होते. हे सांगितल्याने लोखंडे यांचे मोल उणे होत नाही. मात्र सहा वर्षांची लढाई एका दिवसाच्या देणगीत बसवता येत नाही, हे कळते.

आता एक अडचणीचा कागद. कारखाना कायद्याच्या अंमलबजावणीवरील मुंबई सरकारच्या 1892 च्या अहवालात लोखंडे यांच्या संघटनेविषयी नोंद आहे: सभासदांची यादी नाही, निधी नाही, नियम नाहीत. हा कागद पुढे आला म्हणजे उत्साही कार्यकर्ता त्याला साम्राज्यवाद्यांची बदनामी म्हणून फेकून देतो, आणि उथळ टीकाकार चळवळच नव्हती असा निष्कर्ष काढतो. दोघांचीही घाई सारखीच. वस्तुतः विचारायचे ते असे की, लिहिणारा कोण, तो काय शोधत होता, आणि त्याला दिसू शकत नव्हते असे काय होते? अधिकाऱ्याच्या मनात विलायती युनियनचे चित्र होते. वर्गणीची वही मिळाली नाही म्हणून त्याने तसे लिहिले. ते खरेही असेल. पण महालक्ष्मीची सभाही खरीच. वहीवाचून माणसे कशी जमली? वस्त्या, जातीपातींचे संबंध, सत्यशोधक समाजाचे काम आणि ‘दीनबंधु’ पत्र यांच्याकडे वळायला हाच प्रश्न भाग पाडतो. एकूण, गैरसोयीच्या कागदानेच शोध पुढे नेला. (लोखंडे यांना सरकारने पुढे रावबहादूर ही पदवी दिली, तीही चरित्रातून गाळू नये.)

राजवाड्यांनी घरोघर हिंडून जुनी दप्तरे मिळवली आणि 1898 पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध केली. ती दप्तरे टिकली होती, कारण सरदार-कारकुनांच्या घरी ती बांधून ठेवायला वाडे होते. कामगाराच्या घरात माळ्यावर एक ट्रंक असते. वर्तकनगरात गृहनिर्माण मंडळाच्या जुन्या इमारती पाडून नव्या उभ्या राहतात, तेव्हा घर रिकामे करताना रद्दीवाल्याकडे पहिली जाते ती हीच ट्रंक. आत पगाराच्या चिठ्ठ्या, हजेरीचे कार्ड, युनियनची पावती, संपातले पत्रक.

या कागदांची किंमत केवळ अभ्यासकापुरती नाही. 1982 च्या संपानंतर गिरण्या बुडाल्या. पुढे घरांसाठी गिरणी कामगारांची पात्रता ठरवताना 1 जानेवारी 1982 ही तारीख धरण्यात आली. ज्याने आयुष्य गिरणीत घालवले त्याला ते कागदाने सिद्ध करावे लागले. तिकीट नंबर, पगारचिठ्ठी, फंडाचा कागद शोधत म्हातारी माणसे हिंडली.

तेव्हा या परिसरातील ज्या घरी अशी ट्रंक असेल, तेथे कार्यकर्त्याने आधी वही घेऊन बसावे. पत्रकावर तारीख नसेल तर घरातील वडीलधाऱ्यांना विचारून वेगळ्या चिठ्ठीवर लिहावी. कोणी सांगितले आणि कधी सांगितले, तेही लिहावे. दोघांनी दोन तारखा सांगितल्या तर दोन्ही लिहाव्यात.