गाण्याची हजेरी



आमचे शिक्षण गेटसभांत आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. तेव्हा लोकांच्या गाण्यांवर बोलताना आमच्याकडून शास्त्रचर्चा होणार नाही. पण या अभ्यासात एक हिशेब राहून गेला आहे, तो मांडतो.

ॲकवर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी १८९१ साली पोवाड्यांचा संग्रह छापला. तोंडी चालत आलेले कवन कागदावर आले, हे उपकार आम्ही मानतो. ॲकवर्थसाहेब तेव्हा मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर होते. त्याच शहरात हजारो माणसे साच्यांवर राबत होती. पण संग्रह होता इतिहासप्रसिद्धांचा. साचेवाला अजून इतिहासात बसायचा होता.

पुढे १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. अण्णाभाऊंची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड घ्या. गावी राहिलेल्या बायकोचा विरह तिच्यात संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीला जाऊन मिळतो. ती समजायला छंद मोजून भागत नाही. कामगाराला बायको गावी का ठेवावी लागे, हे खोलीचे भाडे आणि पगार पाहिल्यावाचून कळत नाही.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमवल्या आणि गाणारणीचे नाव, गाव त्यांच्याशी जोडून ठेवले. अभ्यास म्हणावा तो असा.

आता आमचा गुन्हा सांगतो. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा आम्ही शाळकरी होतो. आमच्या चाळीच्या भजनी मंडळाने संपावर गाणी रचली. त्यांची वही पुढे युनियनच्या कचेरीत आली. कचेरी हलवताना आम्ही करार आणि पावत्या जपून बांधल्या; वही रद्दीत घातली. आज त्या संपाच्या मागण्या आम्ही दाखवू शकतो. घरात दाणा नसता माणसे रात्री कशाच्या बळावर एकत्र बसत, ते दाखवू शकत नाही.

म्हणून एवढीच विनंती. घरी कोणी वडीलधारे गाणारे असेल, तर त्यांना आजच गायला बसवा. ध्वनिमुद्रणाचे यंत्र आता बहुतेकांच्या खिशात आहे. गाणे टिपा, शिवाय गाणाऱ्याचे नाव, गाव, धंदा आणि प्रसंगही लिहा. मजुराची हजेरी नावानिशी लागते. त्याच्या गाण्याचीही तशीच लागली पाहिजे.